कृतिपत्रिकेतले ५० गुण गाईडमध्ये नसतात

पत्र : मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. दहावीच्या तुकडीत ६४ मुलं आहेत, सेमी इंग्रजी. आठवड्याला ३५ मिनिटांच्या ६ तासिका मिळतात. मुख्याध्यापकांनी यंदा जूनमध्येच सांगितलं, की इंग्रजीच्या तासाला बोर्डाच्या पद्धतीचे प्रश्न सोडून काही घ्यायचं नाही, नववीलाही तेच. मी धड्यांची प्रश्नोत्तरं फळ्यावर देते, मुलं उतरवून घेतात, पाठ करतात. धड्यावरच्या चाचणीत गुण बरे पडतात, पण अनोळखी चार ओळी समोर ठेवल्या की वर्ग गप्प. बाराएक मुलांना तर धड वाचताही येत नाही. अकरावीला यांचं काय होणार? मी परीक्षेपुरतं शिकवू की इंग्रजी शिकवू? — एक शिक्षिका, ठाणे

उत्तर :

नमस्कार मॅडम,

फळ्यावरची प्रश्नोत्तरं म्हणजे परीक्षेची तयारी, असं तुम्ही आणि तुमचे मुख्याध्यापक दोघंही धरून चालला आहात. आधी तेच तपासून पाहू. तृतीय भाषा इंग्रजीची ८० गुणांची एक कृतिपत्रिका (म्हणजे बोर्डाची कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका) घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलनं लिहा : हा मजकूर मुलांच्या डोळ्यांखालून आधी गेलेला असेल का? भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे २०, कविता १०, पाठ्येतर उतारा १० आणि त्याचा सारांश ५, लेखनकौशल्य २०, भाषांतर ५. म्हणजे पुस्तकातला मजकूर फक्त ३० गुणांना येतो. बाकी ५० गुणांना समोर काय येईल हे गाईडवाल्यालाही माहीत नसतं. त्या ३० गुणांतही उतारा प्रश्नपत्रिकेत छापलेलाच असतो, आणि त्याखाली शब्दसंपत्ती, व्याकरण आणि ‘तुम्हाला काय वाटतं’ असे प्रश्न असतात. पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं बसेल अशा जागा तिथेही मोजक्याच. त्यामुळे तुमच्या वर्गात सध्या जे चाललंय त्यात इंग्रजी तर नाहीच, परीक्षाही फारशी नाही.

कृतिपत्रिका नव्या अभ्यासक्रमाबरोबर आली, दहावीला मार्च २०१९ पासून, आणि आली ती घोकंपट्टी मोडायलाच. पण लगोलग तिचीही गाईडं बाजारात आली. याला प्रश्नपत्रिका काढणारे काय करणार!

मुख्याध्यापकांची भीती मात्र खोटी नाही. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी पॅटर्न नवा होता आणि भाषांचे २० अंतर्गत गुणही काढून टाकलेले होते. ओरड झाली, पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, तेव्हा ही तुलना काटेकोर नव्हे.) हा झटका ज्यांनी शाळेत बसून सोसला त्यांना ‘प्रयोग’ हा शब्द आवडत नाही. त्यांच्याकडे तत्त्व घेऊन जाऊ नका, गुण घेऊन जा. कसे ते पुढे सांगतो.

आता वर्ग. सगळ्यात जास्त वेळ धड्यात जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करा. शहरातल्या बहुतेक मराठी शाळांमध्ये इंग्रजीचा धडा एकाच रीतीनं चालतो : बाई एक ओळ वाचतात, तिचा मराठी अर्थ सांगतात, पुढची ओळ. पोर्शन संपवायचा असतो, वर्ग भरलेला असतो, हीच रीत सोयीची पडते. पण यात मूल मराठी ऐकतं; इंग्रजी ओळीवर त्याची नजर ठरतच नाही, कारण अर्थ आपोआप कानावर येणार असतो. मग परीक्षेत अर्थ सांगायला कुणी नसलं की ते अडतं. मराठी बंद करायची गरज नाही, तिची जागा बदला. धडा उघडण्याआधी २ मिनिटांत मराठीत सांगा, की हा धडा कशाबद्दल आहे, यात कोण कोण आहे, कुठे घडतो. अडतील असे ५-६ शब्द फळ्यावर अर्थासकट लिहा. मग पहिले दोन परिच्छेद मुलांना मनात वाचू द्या, ५ मिनिटं, तुम्ही गप्प. त्यानंतर ओळींचा अर्थ विचारू नका, कृती विचारा : कोणत्या ओळीत त्याचं मन बदललं? हे वाक्य कुणाबद्दल आहे? उत्तर मराठीत आलं तरी घ्या, पण ओळीचा क्रमांक सांगितलाच पाहिजे. पहिले दोन आठवडे हे रखडेल. मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील, कारण त्यांना सवयच ती आहे. तिथे कच खाऊन अर्थ सांगायला लागलात तर सगळं मुसळ केरात.

प्रश्नोत्तरं लिहून देणं एका दिवसात थांबवता येणार नाही, पालकच विचारायला येतील. अर्धी द्या. प्रत्येक धड्याची निम्मी उत्तरं फळ्यावर, निम्मी मुलांनी जोडीनं काढलेली. त्यांतलं बरं उत्तर ज्यानं लिहिलं त्यानंच फळ्यावर उतरवायचं. चुका असतील, त्या तिथल्या तिथे खोडायच्या.

पाठ्येतर उताऱ्यासाठी आठवड्याची एक तासिका राखून ठेवा आणि ती कशालाही देऊ नका. उतारा १५० शब्दांच्या आसपास असावा. निवडण्याची कसोटी सोपी आहे : वर्गातल्या मधल्या पातळीच्या मुलाला त्यात अनोळखी शब्द ७-८ पर्यंत निघाले तर चालेल, १५ निघाले तर तो उतारा त्याच्यासाठी नाही. बहुतेक शिक्षक इथेच चुकतात. बोर्डाला अवघड येतं म्हणून जुलैतच अवघड देतात, आणि मुलं वाचायचं सोडून अंदाज मारायला शिकतात. सातवी-आठवीची बालभारतीची इंग्रजी पुस्तकं हाताशी असतातच. शिवाय तुमची मुलं सेमीची आहेत, म्हणजे विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात. विज्ञानाच्या पुस्तकातलं एखादं पान इंग्रजीच्या तासाला उतारा म्हणून घ्या. विषय ओळखीचा असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं आणि विज्ञानाचे शिक्षकही खूश होतात. अकरावीची जी काळजी तुम्हाला वाटते तिच्यावरचा इतका स्वस्त उपाय दुसरा सापडणार नाही.

त्या तासिकेत करायचं ते असं. उतारा वाटा, प्रश्न देऊ नका. ४ मिनिटं वाचन, हातात पेन नाही. मग प्रत्येक जोडीनं उताऱ्यावर दोन प्रश्न काढायचे : एक असा की उत्तर एका ओळीत सापडेल, दुसरा असा की दोन ठिकाणचं जुळवावं लागेल. प्रश्न शेजारच्या जोडीला द्यायचे. तुमचे प्रश्न सगळ्यात शेवटी. याचं कारण सांगतो. सराव करून करून मुलांना एक खोड लागलेली असते : प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडेल ते अख्खं वाक्य उतरवायचं. प्रश्नात तोच शब्द असेल तोवर ही युक्ती चालते. बोर्ड समानार्थी शब्द घालतं किंवा कारण विचारतं, तिथे ती कोसळते. प्रश्न हातात नसेल तर शोधायचं काय? वाचावंच लागतं. उत्तराला शब्दांची मर्यादा घाला, ८ शब्द. मग वाक्य उचलता येत नाही.

सारांशाचे ५ गुण मुलं एका ठरावीक पद्धतीनं घालवतात. पहिली तीन वाक्यं, शेवटची दोन, मधे एखादा ‘अँड’, झाला सारांश. त्यांना आधी मराठीत तोंडी सांगायला लावा : हे तुझ्या आईला ३० सेकंदांत सांग. तोंडी सांगताना कुणीही उदाहरणं, आकडे, नावं सांगत बसत नाही. जे राहतं तोच सारांश. मग त्या मराठी तीन-चार वाक्यांची इंग्रजी करायची, उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश लांबीत, आणि शीर्षक सगळं लिहून झाल्यावर. शीर्षक आधी लिहिणारी मुलं उताऱ्याचा पहिला शब्दच शीर्षकाला देतात.

लेखनकौशल्याचे २० गुण हा खरा मोठा ऐवज : पत्र, संवाद किंवा भाषण, आकृती-तक्त्यावरून परिच्छेद किंवा त्याउलट, आणि बातमी किंवा कथा. इथे गाईडचा तोटा सर्वाधिक दिसतो. पत्राचा साचा बिनचूक असतो, पत्ता, तारीख, विषय सगळं जागच्या जागी, आणि मजकूर दुसऱ्याच पत्राचा. किंवा प्रश्नात दिलेले मुद्दे जसेच्या तसे, मधे क्रियापदं नाहीत. साचा दोन तासिकांत शिकवून होतो. त्याला महिना घालवू नका. उरलेला वेळ मजकुराला द्या, आणि मजकूर मुलांच्या जगातला द्या : सकाळची बस वेळेवर येत नाही म्हणून परिवहन व्यवस्थापकांना पत्र, सोसायटीत पाणी दोनच तास येतं म्हणून सचिवांना पत्र. सांगण्यासारखं काही असेल तर वाक्य कसंही का होईना, जमतं. क्लासमध्ये पाठ करून आलेली मुलं असतीलच, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं पत्र घ्या आणि एकच अट बदला : हेच पत्र आता धाकट्या बहिणीला लिही. कुणाला येतं आणि कुणी पाठ केलंय, ५ मिनिटांत कळतं. त्याचं त्यालाही कळतं.

पण ६४ वह्या तपासणार कोण? एका वहीला ४ मिनिटं धरली तरी सव्वाचार तास होतात. म्हणून लेखन घेतलंच जात नाही, किंवा घेतलं तर नुसती सही होते. वर्गाचे १६-१६ चे चार गट करा. दर आठवड्याला सगळ्यांनी ७०-८० शब्द लिहायचे, तुम्ही मात्र एकाच गटाच्या वह्या तपासायच्या. तासाभराचं काम. तपासताना एकच गोष्ट बघायची आणि ती मुलांना आधी सांगायची : या आठवड्यात फक्त क्रियापदाचा काळ, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्याचा शेवट आणि कॅपिटल. बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्या. अवघड आहे, लाल पेन हातात असलं की राहवत नाही. पण लालेलाल झालेली वही कुठलंच मूल वाचत नाही. उरलेले तीन गट शेजाऱ्याची वही तीन प्रश्नांनी तपासतील : सगळे मुद्दे आले का, प्रत्येक वाक्यात क्रियापद आहे का, एकही वाक्य प्रश्नातून उचललेलं नाही ना. तुमच्या १६ वह्यांतली चुकलेली १० वाक्यं नावाशिवाय फळ्यावर लिहा, वर्गानं दुरुस्त करायची. ‘ही गो टु स्कूल यस्टरडे’ हे वाक्य स्वतः दुरुस्त केल्यावर जेवढं लक्षात राहतं तेवढं काळांचा तक्ता पाठ करून राहत नाही. भाषाभ्यासाच्या सरावासाठी वेगळा वेळ फार लागत नाही, तो इथेच होतो.

म्हणजे तुमच्या ६ तासिकांची वाटणी साधारण अशी : धडा-कविता २, उतारा आणि सारांश १, लेखन १, चुकांची दुरुस्ती आणि भाषाभ्यास १. सहावी ऐकण्या-बोलण्याला. कवितेच्या रसग्रहणात यमकरचना आणि अलंकार ओळखणं मुलांना पटकन जमतं. अडतं ते मध्यवर्ती कल्पनेशी, तिथे ‘द पोएम इज व्हेरी ब्युटिफुल’ लिहिलं की फक्त शाई खर्च होते. भाषांतराच्या ५ गुणांसाठी धड्यातले शब्द आणि म्हणी जाता जाता घ्या, पुरतं.

सहाव्या तासिकेबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. अंतर्गत २० गुण असतात त्यांत तोंडी कामही येतं, आणि बहुतेक शाळांत हे गुण वाटले जातात. जवळजवळ सगळ्यांना सारखे, भरघोस. त्यावरून रागवण्यात अर्थ नाही, कुणीच आपल्या मुलांचं नुकसान करून घेणार नाही. पण परिणाम असा, की दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं मूल इंग्रजीत सलग चार वाक्यं न बोलता शाळा सोडतं. लेखी परीक्षा बोलणं मोजत नाही, आणि जी मोजायला ठेवली ती मोजतच नाही. गुण जे द्यायचे ते द्या, काम मात्र खरं करून घ्या. एका मुलाला २ मिनिटं. ६४ मुलांची १२८ मिनिटं होतात, म्हणजे चार तासिकांत वर्ग उरकतो. विषय आदल्या आठवड्यात सांगा, लिहून आणायला बंदी, कागदावर ५ शब्द चालतील. ऐकण्यासाठी खर्च काहीच नाही : स्टेशनवरच्या घोषणेसारखी एखादी सूचना दोनदा वाचा आणि वेळ, फलाट, कारण अशा ५ रिकाम्या जागा भरायला सांगा. पहिल्यांदा सावकाश, नंतर नेहमीच्या वेगानं.

जी बारा मुलं वाचू शकत नाहीत त्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही, आणि त्यांना रोज कृतिपत्रिका देणं म्हणजे रोज नापास करणं. त्यांच्यासाठी शाळा भरण्याआधी किंवा मधल्या सुट्टीला लागून १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. अक्षरांच्या नावांवरून नको, आवाजावरून सुरुवात करा : एकाच शेवटाचे १० शब्द (कॅट, मॅट, हॅट या चालीचे), मग दोन व्यंजनं जोडून येणारे, मग ‘ई’ (e) हे अक्षर शेवटी आल्यावर आधीचा स्वर बदलतो असे. शब्दांवर हात बसला की चौथी-पाचवीच्या पुस्तकातला छोटा परिच्छेद, पण त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ वर्गात दिसू देऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाला लाज असते. पानांच्या झेरॉक्स द्या. या मुलांनी पेपरात आधी भाषाभ्यासातले शब्दांचे प्रश्न, मग भाषांतरातले शब्द, मग पुस्तकातले उतारे सोडवावेत. लेखनात चार साधी वाक्यं लिहिली तरी काही गुण मिळतात; कोरं पान सोडलं तर काहीच नाही. दिवाळीपर्यंत सगळी वाचायला लागतील असं नाही. निम्मी लागली तरी चांगलं काम झालं म्हणा.

पूर्ण पेपरांचा सराव हवा, पण जूनपासून नको. परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला झाली. तेव्हा डिसेंबरपासून, पूर्वपरीक्षा धरून, ५ ते ६ पूर्ण पेपर पुरे आहेत. ८० गुणांना १८० मिनिटं म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटं. लेखनाच्या २० गुणांना ४५ मिनिटं शिल्लक ठेवायची, हे घड्याळ लावूनच कळतं. प्रत्येक पेपरानंतर मुलानं गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक खूण करायची : कळलं नाही, कळलं पण लिहिता आलं नाही, वेळ पुरला नाही. पहिल्याला वाचन, दुसऱ्याला लेखन, तिसऱ्याला फक्त सराव लागतो. सध्या तिघांनाही आणखी एक पेपर दिला जातो.

आणि मुख्याध्यापक. आत्ताच, या आठवड्यात, मागच्या कुठल्याही चाचणीचे २० पेपर काढा आणि विभागवार सरासरी मांडा. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना २० पैकी किती, पाठ्येतर आणि सारांशाला १५ पैकी किती, लेखनाला २० पैकी किती. कुठे गळती आहे ते एका पानात दिसेल, आणि ते पान घेऊन त्यांना भेटा. पूर्ण वर्षाची परवानगी मागू नका, ८ आठवडे मागा. शेवटी पुन्हा तसाच पेपर घेऊन तीच सरासरी दाखवायची, असं आपणहून सांगा. टाचण वहीत (रोजच्या पाठनियोजनाच्या वहीत) या तासिका ‘पाठ्येतर उतारा’, ‘लेखनकौशल्य’, ‘भाषाभ्यास’ अशाच नोंदवा. त्या तशाच आहेत, आणि तपासणीला आलेल्या कुणालाही त्यात वावगं दिसणार नाही.

नववीसाठी मात्र जरा भांडा. आराखडा दहावीसारखाच असला तरी नववीची परीक्षा शाळेची असते, निकाल वर्तमानपत्रात येत नाही. तिथे आठवड्यातली एक तासिका वाचनपेटीला मिळवा : ३०-४० पातळ इंग्रजी पुस्तकं, प्रत्येक मुलानं आपल्याला झेपेल ते उचलायचं, प्रश्न नाहीत, गुण नाहीत, वहीत पुस्तकाचं नाव आणि आवडलेली एक ओळ. पुस्तकं जमवायला शाळेचा निधी मिळाला नाही तर इंग्रजी माध्यमाच्या शाळांत वर्षाअखेरीला प्राथमिकची पुस्तकं टाकून दिली जातात. एप्रिलमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारलंत तर पेटी भरेल.